मदत हवी आहे : थंडीतील उघड्यावरची व्याख्यानमाला

निफाड तालुक्यातील आमच्या गावचे वाचनालय दरवर्षी ६ जानेवारीच्या दर्पण दिनापासून १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीपर्यंत शाळेच्या पटांगणावर व्याख्यानमाला भरवते. या दिवसांत आमच्याकडे पारा कधी कधी एक आकडी होतो आणि साडेआठनंतर दव पडू लागते. सतरंज्या ओलसर होतात, आजीआजोबा मफलर आवळत उठतात आणि वक्ता रंगात आलेला असताना पुढच्या रांगा रिकाम्या होतात, याचे फार वाईट वाटते.

सहाला सुरुवात करून पाहिली. पण शेतीपंपांची वीज दिवसा असलेल्या आठवड्यात शेतकरी सातच्या आत येऊ शकत नाहीत. सभागृहात दीडशेच माणसे मावतात, येतात मात्र साडेतीनशे. शेकोट्यांना शाळेची परवानगी नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो. प्रवेश विनामूल्य असल्यामुळे खर्चालाही मर्यादा आहे आणि तारखा बदलण्याची गावाची तयारी नाही.

ज्यांनी थंडीत उघड्यावर असे कार्यक्रम केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : वर नुसते कापडी छत घातले तर दव अडते का, की तिन्ही बाजूंनी कनातीही लावाव्या लागतात?