ज्वारीची भाकरी सुरू केली, तरी वजन का उतरत नाही?

गोदाकाठ (प्रश्न)

माझे वय ४८ वर्षे, उंची ५ फूट १ इंच आणि वजन ७४ किलो आहे. तीन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत एचबीएवनसी (रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आले. मी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे सांगून डॉक्टरांनी ‘पिष्टमय पदार्थ कमी करा’ एवढाच सल्ला दिला. त्या दिवसापासून मी पोळी आणि भात पूर्ण बंद केला असून दोन्ही वेळा ज्वारीच्या दोन भाकऱ्या खाते, चहात साखरेऐवजी गूळ घालते आणि दोन्ही एकादश्या व संकष्टी नेमाने करते. तरीही वजन जेमतेम अर्धा किलो उतरले आहे. यजमानांना सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ते मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड घेतात. घरात स्वयंपाक एकच होत असल्याने माझ्या ताटातील बदल त्यांच्याही ताटात येणारच. आम्ही अंडी खातो, मांस-मासे खात नाही. माझे नेमके कुठे चुकते आहे, आणि कर्बोदके आणखी कमी केल्यास यजमानांना काही धोका आहे का, हे कृपया सांगावे.

माणदेशी

ताई, आपण धान्य बदलले, पण कर्बोदके कमी झाली नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तेवढ्याच कणकेत सुमारे ६४ ग्रॅम. शिवाय पोळी साधारण ३० ग्रॅम कणकेची होते, तर हातावर थापलेल्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागते. म्हणजे ८० ग्रॅमची एक भाकरी ही जवळजवळ पावणेतीन पोळ्यांच्या बरोबरीची झाली, आणि आपण दिवसाला अशा चार खाता. ज्वारी वाईट आहे असे मी अजिबात म्हणत नाही. मी स्वतः रोज तीच खातो, पण दुपारी एक आणि रात्री अर्धी.

उपवासाचेही तसेच आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, आणि त्याच्या जोडीला बटाटा आला, की आपला उपवासाचा दिवस हाच महिन्यातील सर्वाधिक कर्बोदकांचा दिवस ठरतो. गुळातही मुख्यतः साखरच असते, त्यामुळे तो बदल रक्तातील साखरेच्या दृष्टीने जमेस धरू नये.

भाकरी कमी केल्यावर ताटात जी जागा रिकामी होते, ती भरली नाही तर चार वाजता भूक लागून हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. पहिल्या महिन्यात माझे असेच झाले. आता मी आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मोठी वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ खातो, मग पालेभाजी आणि शेवटी भाकरी. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा पनीर घातलेले मुगाचे धिरडे असते. दीड वर्षात माझे वजन ८६ किलोवरून ७७ वर आले, आणि त्यातले बरेचसे पहिल्या आठ महिन्यांतच उतरले.

पहाटवारा

मला फक्त आपल्या यजमानांविषयी लिहायचे आहे, आणि ते आपण भाकरी कमी करण्याआधी वाचावे अशी कळकळीची विनंती आहे. माझे वडीलही ग्लिमेपिराइड घेत असत. कोणाचे तरी ऐकून त्यांनी रात्रीचे जेवण कोशिंबीर आणि ताकावर आणले, गोळी मात्र तीच ठेवली. चौथ्या दिवशी पहाटे आईने मला हाक मारली, तेव्हा त्यांची बंडी घामाने चिंब झाली होती, हात थरथरत होते आणि बोलताना जीभ अडखळत होती. ग्लुकोमीटरवर आकडा होता ४८. शुद्धीवर होते म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, तेव्हा कुठे साखर ७० च्या वर आली होती.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात भाकरी असो वा नसो. इन्सुलिनच्या इंजेक्शनलाही हेच लागू आहे. एकट्या मेटफॉर्मिनने साखर अशी सहसा कोसळत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर कर्बोदके एकदम तोडूच नयेत, कारण साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी द्रव्ये) वाढून आम्लता होण्याचा धोका असतो. आधी डॉक्टरांना बदल सांगावा, गोळीची मात्रा त्यांनी ठरवावी आणि मगच ताट बदलावे. गोळी आपल्या मनाने बंद करणे हाही मार्ग नव्हे.

अभ्यासिका

माणदेशी यांच्याशी मी सहमत आहे. फक्त वेगाविषयी थोडे सांगते. कर्बोदके कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरू शकतात, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण शरीरातील ग्लायकोजेनच्या (साठवून ठेवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. पुढे वेग मंदावला म्हणून पथ्य सोडू नये.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ६०९ जणांच्या वर्षभराच्या चाचणीत कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे वजन सरासरी ६ किलोने आणि कमी स्निग्ध पदार्थ घेणाऱ्यांचे ५.३ किलोने घटले. हा फरक लक्षणीय ठरला नाही. मात्र साखर आणि मैदा कमी करून भाज्या वाढवण्यास दोन्ही गटांना सांगितले होते. म्हणून भात-भाकरी कायमची वर्ज्य करणारा कीटो आहार आपल्यासारख्या एका चुलीच्या घरात लादू नये, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे कर्बोदके मुळातच फार आहेत: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात सुमारे ६२ टक्के ऊर्जा त्यांतूनच येत असल्याचे दिसले. एकूण प्रमाण न घटवता तांदळाऐवजी गहू किंवा भरड धान्य घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी आढळला नाही, उलट कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी किंवा दुधातील प्रथिनांकडे वळवला तर तो कमी दिसला. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

डाळीतही कर्बोदके असतात, त्यामुळे वरण-भाताऐवजी वरण जास्त आणि भात कमी, असा अर्थ घ्यावा. मूत्रपिंडाचा त्रास असल्यास प्रथिने वाढवण्याआधी क्रिअ‍ॅटिनिन तपासून घ्यावे.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आज थापण्याआधी पिठाचा गोळा काट्यावर ठेवला, तर ९२ ग्रॅम भरला; पाणी वजा केले तरी पीठ ५५-६० ग्रॅम असणारच. यजमानांचे ताट सध्या आहे तसेच ठेवले आहे आणि सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. माझ्यासाठी दुपारी एक आणि रात्री अर्धी भाकरी आजपासून सुरू करते. येत्या एकादशीला साबुदाण्याऐवजी दही, शेंगदाणे आणि काकडी चालेल का, एवढे सांगावे.

माणदेशी

चालेल, आणि सोबत राजगिऱ्याची एखादी छोटी भाकरी घेतली तरी हरकत नाही. शेंगदाणे मात्र मूठभरच घ्यावेत, कारण त्यांत तेल भरपूर असते.