रातांबे फोडायच्या यंत्राला पेटंट घ्यावं का? माझं मत : नको

सड्यावरचा :
आमच्या वाडीतल्या एका फिटरने रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचं यंत्र बनवलंय. आयटीआय झालेला माणूस, लांज्याला छोटं वर्कशॉप. मे महिन्यात ज्यांनी पाट्याच्या पाट्या हाताने फोडल्यात त्यांना यातली मेख कळेल. एक फळ लिंबाएवढं, दुसरं त्याच्या दीडपट, आणि पातं जरा खोल गेलं की बी चिरलीच. बिया तर मुठेलासाठी, म्हणजे बियांच्या तेलासाठी, अख्ख्या हव्यात. याने फळ बसवायच्या वाटीखाली स्प्रिंग दिली आणि पात्याला अशी अडण ठेवली की ते सालीपुरतंच शिरतं, पुढे जात नाही. सगळं स्टेनलेसमध्ये, कारण साध्या लोखंडाला तो आंबट रस खाऊन टाकतो.

यंत्र कृषी प्रदर्शनात मांडलं, व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर फिरला, आणि पुढच्या हंगामाला घाटावरच्या एका कारखान्याने तेच यंत्र मोटर जोडून विकायला काढलं. आता जो तो त्याला सांगतोय, पेटंट घे. मी सांगितलं, नको घेऊस.

पेटंट मिळालं म्हणजे सरकार आपल्या बाजूने उभं राहिलं असं लोक धरून चालतात. तसं काही नसतं. पेटंट मोडलं तर पोलिसात तक्रार होत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो, तोही जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर. समोरच्याने ‘याचं पेटंटच रद्द करा’ असा प्रतिदावा टाकला की प्रकरण उठून उच्च न्यायालयात. वर्कशॉपला कुलूप घालून तारखांना कोण जाणार?

बरं, ज्यांना परवडलं त्यांनी काय केलं? जेम्स वॉटने १७६९ मध्ये वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं आणि १७७५ मध्ये पार्लमेंटकडून ते १८०० पर्यंत वाढवून घेतलं. तोवर इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या खाणींतले इंजिनिअर दावे आणि रॉयल्ट्या भोगत बसले. ती मुदत संपल्यावर जास्त दाबाची इंजिनं जोरात आली. १८११ पासून तर तिथले लोक कुठलं इंजिन किती कोळशात किती पाणी उपसतं याचे आकडे दरमहा छापून एकमेकांना दाखवायला लागले. त्या उघड्या कारभारात इंजिनं सुधारली.

औषधांचं तेच. यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरचं बायरचं नेक्साव्हार महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांच्या घरात होतं. मार्च २०१२ मध्ये पेटंट कंट्रोलरने नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना दिला, म्हणजे बायरची संमती नसताना ते औषध बनवायची मुभा, तेव्हा महिन्याची किंमत ठरली ८,८८० रुपये. मधला फरक कशाचा होता ते ज्याने त्याने ओळखावं.

चिपळूणची :
मुंबईत पेटंट एजंटकडे काम करते, म्हणून आधी कटू बातमी. तुमच्या फिटरने घेतो म्हटलं काय किंवा नको म्हटलं काय, या यंत्रापुरती वेळ गेलेली आहे. अर्जाआधी वस्तू लोकांसमोर आली की नावीन्य संपलं. केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात मांडली तर १२ महिन्यांची सवलत मिळते, पण तालुक्याच्या कृषी प्रदर्शनाचं नाव राजपत्रात कुठून येणार? आणि व्हिडिओला तर कसलीच सवलत नाही.

पण यावरून तुम्ही ‘पेटंट नकोच’ म्हणता तिथे माझं भांडण आहे. प्रदर्शनाच्या आधी एक प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकला असता तर? व्यक्तीसाठी ऑनलाइन फी १,६०० रुपये. पूर्ण अर्ज करायला १२ महिने मिळतात, तेवढ्यात काय दाखवायचं ते दाखवा, काय विकायचं ते विका. परीक्षणाचे ४,००० वेगळे. एजंटची फी या सगळ्याहून जास्त होते हे कबूल, आमचं पोट त्यावरच आहे.

दुसरं असं की कारखान्याने उचलली ती अडण. अर्जात आपला हक्क नेमका कशावर ते लिहितात, त्याला दावा म्हणतात. ‘रातांबे फोडायचं यंत्र’ एवढाच दावा लिहिला असता तर परीक्षकाने फळं कापायची जुनी यंत्रं समोर ठेवून अर्ज परत केला असता. ‘पात्याची खोली सालीपुरती रोखणारी अडण आणि फळाच्या आकाराप्रमाणे खालीवर होणारी वाटी, दोन्ही एकत्र’ असा लिहिला असता तर त्या कारखानदाराला लांज्याला फोन करावा लागला असता. सगळी प्रकरणं कोर्टात जात नाहीत हो. कागद समोर ठेवला की पुष्कळदा रॉयल्टीवर मिटतं.

वायरलेसमधलं उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातली सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था. तिथले रेडिओ-खगोलशास्त्राचा अनुभव असलेले लोक एका प्रश्नामागे लागले : घरात रेडिओ लहरी भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा येतात, त्या गोंधळातून मूळ संदेश कसा सोडवायचा? १९९६ मध्ये त्यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. मग तीच युक्ती वापरणारं वाय-फाय घरोघरी गेलं आणि बड्या कंपन्या म्हणाल्या, आम्ही का पैसे द्यावे? संस्था लढली आणि सगळं धरून ४० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर वसूल केले.

सड्यावरचा :
संस्था लढली, कारण ती सरकारी संस्था आहे. तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करून दिलात ताई, आभार.

तारकर्लीकार :
ह्या सगळा बरा हा. पण वॉट इलो, ऑस्ट्रेलिया इली, फिटर खंय रवलो? तेका कोणी इचारल्यान काय, बाबा तुका काय व्हया? पैसो व्हयो, नाव व्हया, की नुसता त्या कारखान्यान यंत्रार तेचा नाव घातल्यान तरी पुरे? आमच्या होडयेर वायरलेस हा, जीपीएस हा. तेचा पेटंट कोणाचा ता आमका ठावक नाय. नि मोटरीचा यंत्र स्वस्त मिळाला तर माझी बायल ताच घेतली. खरा ता सांगलंय.

काळ नदी :
महाडच्या बाजूला दवाखान्यात आहे, म्हणून आमच्याकडची गोष्ट सांगतो. लाल विंचवाचा दंश इथे नवा नाही. विषामुळे अंगात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी अशा गंभीर रुग्णांत चारातला एक तरी जायचा, त्यात पोरं जास्त. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात राहून या रुग्णांचं बारकाईने टिपण ठेवलं, १९८२ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं, आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी दाखवून दिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एखाद-दुसऱ्यावर आलं. गोळीही महागडी नाही.

या उपचाराला पेटंट नाही, आणि आपल्या कायद्यात मिळालंही नसतं. उपचारपद्धतीला पेटंट नाही, जुन्या औषधाच्या नुसत्या नव्या उपयोगालाही नाही. उत्तम आहे. पण सड्यावरचे साहेब, ती गोळी काही महाडात उगवली नव्हती. ती फायझरची. कंपनीने पेटंटच्या भरवशावर पैसे ओतले म्हणून रेणू अस्तित्वात होता, मग बावस्करांना तो हाताशी मिळाला. तुमच्या हिशेबात पहिला अर्धा भाग गायब आहे.

आणि कायदा नुसता मालकाच्या बाजूचा नाही. क्षयरोगावरच्या बेडाक्विलिनची मक्तेदारी लांबवायला जॉन्सन अँड जॉन्सनने त्याच्या एका क्षाराचा अर्ज केला होता. क्षयातून वाचलेल्या दोन बायकांनी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, त्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये तो अर्ज फेटाळला गेला. पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही सोम्यागोम्या हरकत घेऊ शकतो, ही सोय आपल्याकडे आहे. ती वापरायची सोडून ‘पेटंटच नको’ कशाला?

सड्यावरचा :
डॉक्टर, गोळीचं मान्य. पण मला सांगा, बावस्करांच्या जागी एखादी कंपनी असती आणि कायद्याने वाट दिली असती, तर दंशावरचा डोस म्हणून वेगळं पाकीट वेगळ्या भावाने आलं असतं की नाही? आपला कायदा नाही म्हणतो म्हणून आपण वाचलो. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवरचं पेटंटच काढून टाकलं, फक्त कृतीवर ठेवलं, म्हणून इथले स्वस्त औषधांचे कारखाने उभे राहिले. २००५ ला रेणूवरचं पेटंट परत आणावं लागलं. त्या मधल्या तीस-बत्तीस वर्षांत आपण काय गमावलं ते मला कोणी दाखवावं.

करबुडे बोगदा :
कोकण रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त. मूळ लेखकाशी सहमत, पण कारण वेगळं.

आपल्या कोकण रेल्वेने टक्कर टाळायचं यंत्र बनवलं होतं, एसीडी, नाव दिलं ‘रक्षा कवच’. बी. राजाराम तेव्हा व्यवस्थापकीय संचालक. पेटंट वगैरे सगळं रीतसर. इंजिनातला डबा जीपीएसवरून आपली जागा ओळखायचा, रेडिओवरून आसपासच्या गाड्यांतल्या डब्यांशी बोलायचा आणि धोका दिसला की स्वतः ब्रेक लावायचा. ईशान्य सीमा रेल्वेवर ते बसवलंही. पण देशभर गेलं नाही. शेजारशेजारच्या रुळांपैकी गाडी नेमकी कुठल्या रुळावर आहे हे जीपीएसला सांगता येत नाही, आणि बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाही. माझं टोपणनाव बघा : साडेसहा किलोमीटर नुसता डोंगर.

आता जे ‘कवच’ बसतंय ते वेगळं. आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्याच संशोधन आणि मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, त्याचं स्पेसिफिकेशन ठरवलं आणि त्याबरहुकूम अनेक कंपन्या माल बनवतात. सांगायचा मुद्दा, जिथे समोरच्या गाडीतही तेच यंत्र असल्याशिवाय माझ्या गाडीतल्या यंत्राचा उपयोग शून्य, तिथे एकाची मालकी अडचणच करते. एसीडी पेटंटमुळे मागे पडलं असं मी म्हणत नाही, तांत्रिक कारणं होतीच. पण पेटंटने ते पुढे नेलं असंही कोणी म्हणू नये.

चिपळूणची :
काका, मोबाइलमध्ये हाच पेच सुटलेला आहे. फोर-जीसारख्या मानकात शेकडो पेटंटं गुंतलेली असतात, आणि मालक आधीच लिहून देतात की वाजवी दराने सगळ्यांना परवाना देऊ. वाजवी म्हणजे किती यावर भांडणं होतात, एरिक्सन आणि मायक्रोमॅक्स २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. पण फोन बंद पडले नाहीत ना?

करबुडे बोगदा :
फोन बंद पडले नाहीत, महाग झाले.

वेंगुर्ला-७ :
बागायतदार. दोन्हीकडचं वाचून गंमत वाटली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने आंबे उतरवायचा नूतन झेला काढला, आज कुठल्याही बाजारात तो टांगलेला दिसतो. आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर येत नाही. कुठल्याही वर्कशॉपवाल्याने बनवावा, विद्यापीठ काही त्याच्या दारात रॉयल्टी मागायला जात नाही. हे योग्यच आहे, कारण तिथल्या शास्त्रज्ञाला पगार आहे आणि तो आपल्या करातून जातो.

फिटरला पगार कोण देतो? त्याने स्टेनलेसचे पत्रे उधारीवर आणले, हंगामभर पाती बदलत बसला, आणि तुम्ही म्हणता उघडं ठेव, ज्ञान वाढेल. ज्याला महिन्याच्या एक तारखेची काळजी नाही त्यानेच हे सांगावं. सड्यावरचे, तुम्ही शिक्षक आहात ना?

आणि आंब्याला घालायचं कल्टार आठवा. आयसीआय या ब्रिटिश कंपनीचा शोध. सुरुवातीला बाटलीचा भाव ऐकून आम्ही चाट पडायचो, तरी हापूसची एक वर्षाआड दांडी चुकवायला घालायचो. आज त्यातलं मूळ द्रव्य, पॅक्लोब्युट्राझोल, कितीतरी कंपन्यांचं मिळतं. २० वर्षं झाली की सगळं मोकळं, आणि कृती तर पेटंटमध्ये पहिल्यापासून छापलेली. ते नसतं तर कंपनीने बाटलीत काय आहे हे सांगितलंच नसतं.

सड्यावरचा :
शिक्षक आहे, आणि पगार आहे, बरोबर. म्हणून त्याने स्वतःला लुटू द्यावं असं मी कधी म्हटलं? माझं म्हणणं एवढंच की १,६०० रुपयांपासून सुरू होणारी ही वाट त्याला कोर्टाच्या दारात नेऊन सोडते आणि तिथून पुढे तो एकटा. त्यापेक्षा नाव रजिस्टर करावं, ट्रेडमार्क घ्यावा, आणि दुरुस्ती हाताशी द्यावी. घाटावरचा कारखाना पावसाच्या तोंडावर पातं बदलायला आमच्या आडिवऱ्यात येणार आहे का?

चिपळूणची :
हे तुम्ही पहिल्यांदा मुद्द्याचं बोललात. खरी खोट अशी आहे की असल्या छोट्या सुधारणांना आपल्याकडे मधला दर्जाच नाही. जर्मनीत १८९१ पासून आहे, चीनमध्येही आहे : कमी मुदतीचं, झटपट मिळणारं छोटं पेटंट, १० वर्षांचं. आपल्याकडे एक तर २० वर्षांचं अख्खं पेटंट, नाही तर नुसत्या आकारासाठी डिझाइन. अडणीसारखी गोष्ट मध्येच लोंबकळते. भांडायचं तर यासाठी भांडू.

आणि कोर्टाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलंय, रत्नागिरी-सिंधुदुर्ग त्यात आहेत. अगदी मुंबई गाठायला नको.

सड्यावरचा :
घाट चढायचाच आहे ना, मग तोही खर्चच. बाकी छोट्या पेटंटचं पटलं. फिटरला आज धागा वाचून दाखवला. तारकर्लीकरांच्या प्रश्नाला त्याचं उत्तर : पैसे हवेत, नावाचं लोणचं घालू का? आणि म्हणाला, ते यंत्र गेलं तर गेलं, आता त्याला खाली चाळण जोडतोय, बी आणि साल आपोआप वेगळी होतात. मी काल बघितली, भन्नाट आहे, चाळणीला त्याने खालून

चिपळूणची :
थांबा. पुढचं लिहू नका. फोटो असेल तर अजिबात टाकू नका, आणि प्रदर्शनवाल्यांचा फोन आला तर त्याला म्हणावं यंत्र दुरुस्तीला आहे. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर पाठवतेय, सोमवारी त्याला फोन करायला सांगा.