मदत हवी आहे: एबीए घालूनही केना या तणाची रंध्रं दाद देईनात

मंडळी, एमएस्सी वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन ठिकाणी अडकलेय, एक प्रॅक्टिकलमध्ये आणि एक डोक्यात.

प्रॅक्टिकल असं. बांधावरचा केना आणला, कारण त्याच्या पानाची खालची साल चिमट्याने ओढली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी अलगद सुटते. पापुद्रे दोन पेट्री डिशमध्ये डिस्टिल्ड वॉटरवर ठेवले, एकीत १० मायक्रोमोलर ॲब्सिसिक ॲसिड (एबीए, रंध्रं म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं मिटवणारं वनस्पतीचं संप्रेरक) घातलं. तासाभराने पाहते तर दोन्हीकडे रंध्रं मिटलेलीच! जर्नलमध्ये काय लिहू?

आता डोक्यातलं. साखळी तोंडपाठ आहे: पाण्याचा ताण पडला की एबीए वाढतं आणि पीवायआर/पीवायएल या ग्राहींमध्ये जाऊन बसतं. ग्राही मग पीपी२सी फॉस्फेटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या विकराला) जखडतो, आणि त्याने दाबून ठेवलेलं ओएसटी१ हे कायनेज (फॉस्फेट लावणारं विकर) मोकळं होतं. ते रक्षक पेशींच्या (रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या पेशींच्या) पटलातल्या एसएलएसी१ या ऋण आयनांच्या वाहिनीला फॉस्फेट लावतं. क्लोराइड, मॅलेट बाहेर, पाठोपाठ पोटॅशियम, मग पाणी; रक्षक पेशी ढिल्या पडतात, रंध्र मिटतं. पण फॉस्फेटेज तर कायनेजवरचं फॉस्फेटच काढून घेतं ना? मग फॉस्फेटेज बाजूला झाल्यावर ते परत लावतं कोण? गाडीचा ब्रेक सोडला म्हणून इंजिन चालू होत नाही. नोट्समध्ये या जागी नुसता एक बाण आहे.

प्रतिसाद १
अगं, मिटलेलं दार आणखी काय मिटणार? आधी रंध्रं उघडून घे. उघडायला रक्षक पेशींना पोटॅशियम आत ओढावं लागतं. पानात ते शेजारच्या पेशींकडून मिळतं, तुझ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये कुठून मिळणार? ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर एमईएस (पीएच स्थिर ठेवणारं बफर), पीएच ६च्या आसपास, आणि दोन-अडीच तास चांगला उजेड. उघडली आहेत हे मोजून मगच एबीए. एबीएचा स्टॉक (दाट द्रावण) इथेनॉलमध्ये केला असशील तर तेवढंच इथेनॉल कंट्रोलमध्येही (एबीए नसलेल्या डिशमध्येही) घाल. आणि ट्यूबला फॉइल गुंडाळ, अतिनील प्रकाशात एबीएचं रूप पालटतं. (आमची एक अख्खी बॅच खिडकीत ठेवून वाया गेली होती.)

प्रतिसाद २
बाणाबद्दल. प्रश्न रास्त आहे, बरीच वर्षं तिथे खरंच बाणच होता. ओएसटी१ स्वतःवर फॉस्फेट लावू शकतं, त्यामुळे फॉस्फेटेजचा पहारा उठला की ते काही प्रमाणात आपलं आपण जागं होतं. पण त्याच्या भावंडांची, एसएनआरके२.२ आणि २.३ची, ही ताकद कमी. २०१९-२०च्या सुमाराला उलगडलं की राफसारखी कायनेजेस येऊन या मंडळींना फॉस्फेट लावतात. तुझं इंजिन चालू करणारी किल्ली ती.

कायनेज किती मोलाचं, ते अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाच्या उत्परिवर्ती (जनुक बदललेल्या) झाडांवरून कळतं. ओएसटी१ बिघडलेली झाडं अवरक्त कॅमेऱ्याने हेरली होती: रंध्रं उघडी राहून पाणी उडत राहतं, म्हणून पान इतरांपेक्षा थंड दिसतं. उजेडाला ती रंध्रं प्रतिसाद देत, एबीएला नाही. एबीआय१-१ या दुसऱ्या उत्परिवर्ती झाडात घोळ उलट्या बाजूला आहे. तिथे फॉस्फेटेजच असं बदललंय की ग्राहीच्या तावडीत सापडत नाही, त्यामुळे कायनेज दबलेलंच राहतं. परीक्षेत दोन्ही विचारतात, गल्लत करू नकोस.

धागाकर्ती
दोघांनाही खूप धन्यवाद! आज सांगितल्याप्रमाणे केलं. कंट्रोलची रंध्रं सरासरी ८ मायक्रोमीटर उघडी, एबीएची ३. मॅडमनी स्वतः डोकावून पाहिलं. फक्त एका पापुद्र्याच्या कडेची पाच-सहा रंध्रं एबीएतही सताड उघडी होती. ती धरायची का?

प्रतिसाद १
कडेच्या पेशी ओढताना फाटून मेल्या असतील. न्यूट्रल रेड या रंगाचा थेंब टाक. जिवंत रक्षक पेशी रंग आत घेतात, तेवढीच मोज.