[मंडळ-चर्चा] पत्रक आज रात्री छपाईला: तिसऱ्या पानावरच्या ओळीचं काय?

प्रेषक: सचिव
बुधवार, संध्याकाळी ६:१२

मंडळी,

पत्रक आज रात्री बाराच्या आत छापखान्यात गेलं पाहिजे. मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, तेव्हा उगाळत बसत नाही.

बाकी सगळं तयार आहे. अडलंय ते तिसऱ्या पानावर. माईंच्या 'तिची गोष्ट' कार्यक्रमात यंदा इथे ब्रिटनमध्ये लेखन आणि अभिनय करणाऱ्या मीरा स्याल. फोटोखाली एकच ओळ, चार शब्द मावतात, त्यातले दोन नावातच गेले. उरलेल्या दोनांत नानांनी 'विनोदी अभिनेत्री' बसवलंय. माईंना ते मान्य नाही, त्यांना 'लेखिका' हवंय. दोघांचेही मला फोन येऊन गेले, त्यामुळे काय ते इथेच बोला. मी कामावर आहे.

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, संध्याकाळी ६:३५

यात अडण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. 'द कुमार्स ॲट नंबर ४२' या विनोदी मुलाखत-मालिकेतली ती आगाऊ आजी कोणाला आठवत नाही? पत्रक हातात पडल्यावर माणूस तीन सेकंद बघतो. त्या तीन सेकंदांत आजी ओळखू आली की तो हॉलवर येणार. 'लेखिका' वाचलं की व्याख्यान असेल म्हणून घरीच बसणार.

शिवाय पत्रकाचा मजकूर प्रसिद्धी समिती ठरवते, हे दोन वर्षांपूर्वीच ठरलंय. इतिवृत्त काढून बघावं.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, संध्याकाळी ७:०४

> 'लेखिका' वाचलं की व्याख्यान असेल म्हणून घरीच बसणार.

नाना, माझ्या गेल्या तीन कार्यक्रमांना खुर्च्या कमी पडल्या होत्या. इतिवृत्त काढाच, त्यात तेही सापडेल.

मुद्दा वेगळाच आहे. या बाईला आयती भूमिका कोणी देणार नव्हतं. वुल्व्हरहॅम्प्टनला १९६१ साली जन्म, वाढली शेजारच्या एसिंग्टन नावाच्या खाणगावात, आईवडील दिल्लीकडून आलेले पंजाबी. मँचेस्टरला इंग्रजी आणि नाटक शिकली. त्या वेळी इथल्या पडद्यावर आपल्या बाईला काय काम मिळायचं? दुकानाच्या गल्ल्यामागे उभं राहायचं, नाहीतर मारकुट्या नवऱ्यापुढे रडायचं. म्हणून तिनं विद्यापीठात असतानाच सहलेखिकेबरोबर 'वन ऑफ अस' लिहिलं. नटी व्हायचं वेड घेतलेल्या मुलीची गोष्ट, सगळी पात्रं एकटीनं करायची. ते एडिंबराच्या फ्रिंज नाट्यमहोत्सवात गाजलं आणि त्यावरून लंडनच्या रॉयल कोर्ट नाट्यगृहानं तिला बोलावून घेतलं.

पुढेही तोच क्रम. १९९२ साली बीबीसीसाठी 'माय सिस्टर-वाइफ' लिहिलं आणि त्यात स्वतः काम केलं. १९९३चा 'भाजी ऑन द बीच', दिग्दर्शन गुरिंदर चढ्ढाचं, पटकथा हिची: बर्मिंगहॅमच्या बायका एक दिवस ब्लॅकपूलला सहलीला जातात, म्हाताऱ्या मावशांपासून कॉलेजातल्या पोरीपर्यंत सगळ्या एकाच गाडीत. आपल्या सहलीची गाडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पटकथा किती अवघड असेल ते कळेल.

आधी लिहिलं म्हणून पुढे अभिनय करता आला. 'लेखिका' गाळून चालणार नाही.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, संध्याकाळी ७:२२

मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. मराठी मंडळात पंजाबी बाई कशाला? सई परांजपे घ्या की. नाटक, रेडिओ, पटकथा, दिग्दर्शन, सगळं एकटीनं केलंय. 'चश्मेबद्दूर'ला अजून तोड नाही.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, संध्याकाळी ७:२६

अप्पा, सई परांजपे गेल्या वर्षीच झाल्या. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. झोपला होतात.

---

प्रेषक: दादा (खजिनदारांचा भाऊ, खजिनदार नव्हे)
बुधवार, संध्याकाळी ७:४०

एक गंमत. 'कुमार्स'मध्ये संजीव भास्कर तिचा नातू आहे ना, तो खऱ्या आयुष्यात तिचा नवरा. मालिका २००१ ते २००६ चालली आणि लग्न झालं २००५ला, म्हणजे मालिका चालू असतानाच आजीनं नातवाशी लग्न केलं! मालिका सुरू झाली तेव्हा आजीबाईंचं वय अवघं चाळीस. नातू तिच्याहून दोनच वर्षांनी लहान. आमच्या हिला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणूनच ती त्याला इतकं बोलायची."

त्या दोघांनी 'यस्टरडे' चित्रपटात हीरोच्या आईबापाचं काम केलंय. तोवर आजीची बढती होऊन आई झाली होती.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, संध्याकाळी ७:५५

> झोपला होतात.

डोळे मिटून ऐकत होतो.

आणि माई, तुमच्याच मुद्द्याला भोक आहे. 'कुमार्स' तिनं लिहिलेलं नाही. ते भास्कर, शरत सरदाना आणि रिचर्ड पिंटो यांचं. म्हणजे लोकांना जी आजी आठवते ती दुसऱ्यांनी लिहिलेली. नानांचं बरोबर आहे, त्या पात्राचं श्रेय अभिनयालाच.

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, रात्री ८:०१

अप्पा, धन्यवाद. विषय संपला.

---

प्रेषक: वहिनी (बालवर्ग)
बुधवार, रात्री ८:१९

मध्येच बोलते. आमच्या लेकाला जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, 'अनिता अँड मी' होती. ती हिचीच कादंबरी, १९९६ची, बेटी ट्रास्क पुरस्कार मिळालेली. खाणगावातली नऊ वर्षांची मीना आणि तिला भुरळ घालणारी गोरी मैत्रीण. गावाचं नाव बदललंय, पण ते एसिंग्टनच. एकदा रात्री तो पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "आई, तू इथे आलीस तेव्हा तुलाही लोक असं बोलायचे?" मी म्हटलं, कुकरची शिट्टी मोज. नंतर मी ते पुस्तक गुपचूप वाचून काढलं. दोन ठिकाणी हसता हसता थांबावं लागलं.

सांगायचं एवढंच की त्यानं 'कुमार्स' कधी बघितलेलंच नाही. त्याच्या वर्गातल्या सगळ्या मुलांसाठी ती लेखिकाच आहे. तरुण मंडळी येत नाहीत म्हणून आपण दर बैठकीत रडतो, म्हणून लिहिलं.

त्या कादंबरीवर २००२ साली चित्रपट आला, त्याची पटकथाही तिचीच, आणि स्वतःसाठी तिनं भूमिका घेतली शैला आंटीची. नायिकेच्या आईचीसुद्धा नाही!

---

प्रेषक: ताई (नाट्यविभाग)
बुधवार, रात्री ८:३८

इतका वेळ गप्प होते, पण 'गुडनेस ग्रेशस मी' या विनोदी कार्यक्रमाचं नावच कोणी काढू नये? १९९६ला रेडिओ ४वर आणि १९९८पासून बीबीसी टूवर. स्याल, भास्कर, कुलविंदर घिर आणि नीना वाडिया. तिथे ती लिहिणाऱ्यांतही होती आणि करणाऱ्यांतही, तेव्हा अप्पांनी भोक बुजवून घ्यावं.

त्यातलं 'गोइंग फॉर ॲन इंग्लिश' आठवतंय? रात्री पिऊन झालेली भारतीय टोळी 'इंग्लिश' खायला जाते, वेटरच्या नावाची वाट लावते आणि सगळ्यात बेचव काय आहे ते मागवते. शुक्रवारी रात्री पिऊन आलेले गोरे इथल्या करी-हाउसात काय करायचे ते इथे वाढलेल्यांना आपोआप कळायचं. एकही शब्द समजावून सांगितलेला नाही. मी विनोदाच्या कार्यशाळेत कायम तेच उदाहरण देते.

आम्ही ते मराठीत करतोय. सहा खुर्च्या आणि दोन टेबलं लागतील. आणि 'तिची गोष्ट'मध्ये काही सादर होणार असेल तर ते नाट्यविभागातर्फे होईल, ग्रंथालयातर्फे नाही. गेल्या वर्षी झालं तसं पुन्हा नको.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ८:५२

> आम्ही ते मराठीत करतोय.

परवानगी घेतलीत? लेखकांचा हक्क असतो. भाषांतर करून मंचावर करायचं म्हणजे विचारावं लागतं, तिकीट असो वा नसो. आपण तिकीट लावलंय.

---

प्रेषक: ताई (नाट्यविभाग)
बुधवार, रात्री ८:५८

बरं, मग ते नको. आमचं स्वतःचं लिहितो. कल्पना उलटी करून: मंडळाच्या कार्यक्रमाला चार गोरे पाहुणे येतात आणि आपण सगळे मिळून त्यांना आग्रहानं वाढत सुटतो. त्याला कोणाची परवानगी लागत नाही, आपल्यावरच आहे.

खुर्च्या सहाच.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ९:०६

मग त्याच न्यायानं विचारतो. नाना, तिसऱ्या पानावरचा आजीच्या विगातला फोटो कुठून घेतलात?

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, रात्री ९:१५

इंटरनेटवरून. सगळे घेतात.

---

प्रेषक: खजिनदार
बुधवार, रात्री ९:१७

दिवाळी अंकाच्या वेळी आपणही 'सगळे घेतात' म्हणून घेतला होता. ते पत्र अजून माझ्या फायलीत आहे, आणि भरलेल्या पैशांची पावतीसुद्धा. फोटो काढा. परवानगी हातात नसेल तर मी छपाईचे पैसे सोडणार नाही.

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, रात्री ९:४४

फोटो काढला. आता पानावर हाताएवढी पांढरी जागा आहे. माझी सगळी मांडणी बिघडली.

---

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री ९:४९

नुकता घरी पोचलो. नाना, फोटो गेला म्हणजे मजकुराला जागा झाली ना? किती ओळी?

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, रात्री ९:५३

पाच. पण अक्षर मी ठरवणार.

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, रात्री १०:०२

हा घ्या मजकूर:

"मीरा स्याल. पटकथालेखिका, कादंबरीकार आणि हसवता हसवता चिमटा काढणारी अभिनेत्री. 'भाजी ऑन द बीच', 'अनिता अँड मी', 'गुडनेस ग्रेशस मी'. रहमानच्या संगीतावरच्या 'बॉम्बे ड्रीम्स' या वेस्ट एंडच्या संगीतिकेची संहिता. २०१२मध्ये दिल्लीत घडणाऱ्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीची बिअट्रिस. २०१५ साली सीबीई हा किताब, २०२३ साली बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट-टीव्ही अकादमीची फेलोशिप. आणि हो, 'कुमार्स'मधली आजी."

---

प्रेषक: नाना (प्रसिद्धी)
बुधवार, रात्री १०:११

हे आठ ओळींचं आहे. आणि आजी सगळ्यात शेवटी?

---

प्रेषक: दादा
बुधवार, रात्री १०:१४

आजी शेवटीच बरी. 'कुमार्स'मध्येही ती सगळ्यांचं बोलून झालं की तोंड उघडायची आणि पाहुण्याची दांडी उडवायची.

---

प्रेषक: अप्पा
बुधवार, रात्री १०:२०

बिअट्रिस काढा, कोणाला माहीत आहे?

---

प्रेषक: माई (ग्रंथालय)
बुधवार, रात्री १०:२२

मला माहीत आहे, मी स्वतः जाऊन बघितलंय. लग्नघराचा गोंधळ असा उभा केला होता की शेजारची इंग्रज बाई मला विचारत होती, तुमच्याकडे खरंच असं असतं का. बिअट्रिस राहणार. हवं तर सीबीई काढा, ते कोणालाही मिळतं.

---

प्रेषक: सचिव
बुधवार, रात्री १०:५७

सीबीई आणि 'चिमटा काढणारी' काढलं. बिअट्रिस ठेवली, पण नाटकाचं नाव आणि दिल्ली गेली. आजी शेवटीच. नानांनी अक्षर एक घर लहान केलंय, त्याबद्दल त्यांचे आभार. सहा ओळी बसल्या. पीडीएफ गेली.

---

प्रेषक: वहिनी (बालवर्ग)
गुरुवार, सकाळी ७:३१

पीडीएफ आत्ता बघितली. चौथ्या ओळीत 'बिअट्रिस'चं 'बिस्ट्रो' झालंय. आणि ताईंच्या सहा खुर्च्यांचं काय ठरलं? सामानाच्या खोलीची किल्ली आमच्याकडे नाही.