टायर बदलण्याआधी प्रोपेलर शाफ्ट बघा
दोनदा व्हील बॅलन्सिंग करूनही पिकअप ९०च्या पुढे थरथरते, आता चारही टायर बदलू का, असं विचारलंय तुम्ही. इतक्यात नको. थरथर स्टिअरिंगमध्ये जास्त जाणवते की सीटखाली? स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा. १००च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण १२ फेरे घेतं आणि शाफ्ट त्याच्या साडेतीन-चार पट. म्हणून चाकाचा हादरा डुगडुगल्यासारखा लागतो, शाफ्टचा बारीक, घुमणारा.

रिकाम्या सरळ रस्त्यावर त्याच वेगात गाडी न्यूट्रल करून बघा. थरथर तशीच राहिली तर इंजिनवरचा संशय गेला.

माझ्या गाडीत युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टला कोनात वळून फिरू देणारा सांधा) क्रॉस, म्हणजे आतला अधिक-चिन्हासारखा तुकडा, झिजला होता. नवा घातला तरी थरथर जाईना, कारण शाफ्ट खुणा न करता उतरवला होता आणि दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांना क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत बसलेच नव्हते. तेव्हा शाफ्ट उतरवण्याआधी मेकॅनिकला खुणा करायला सांगाच. शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही हलवून बघा.

आणि हो, गोलाई बिघडलेला टायर बॅलन्सिंग मशीनवर शून्य, म्हणजे तोल बरोबर, दाखवू शकतो. चाक जॅकवर उचलून फिरवा, उंचवटा दिसेल.