मदत हवी: स्प्रिंगवाल्या एअर रायफलचे छर्रे तोलून-निवडून ग्रुप सुधारतो काय?

लोंढाजंक्शन
नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहालोय. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

पॅरिसात स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मारल्यापासनं आमच्या घरच्या पोरांना नेमबाजीचं वेड लागलंय, आणि पोरांचं निमित्त करून मीच एक एअर रायफल घेऊन बसलोय. देशी बनावट, .१७७ म्हणजे ४.५ एमएम, नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली. २० ज्यूलच्या आतली आहे म्हणून लायसनची भानगड नाही, बिल तेवढं जपून ठेवलंय. परड्यात काजूखाली २० मीटरवर कागद लावून मारतो, मागं मातीचा बांध आहे.

आता मुद्दा. माझा मावसभाऊ अमेरिकेत आयडाहोला असतो. तिकडं जमिनीत बिळं करणाऱ्या खारी गवताची पार वाट लावतात, त्यांना मारायला त्याच्याकडं .२२३ ची रायफल आहे आणि काडतुसं हा गडी घरीच भरतो. व्हिडिओ कॉलवर सगळा संसार दाखवला त्यानं. उडालेली पितळी पुंगळी धुवायची, डायमध्ये (लोखंडी साच्यात) दाबून परत मापात आणायची, मान लांबली असली तर कापायची, बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनमध्ये तोलायची आणि वर गोळी ठरलेल्या खोलीवर बसवायची. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आमच्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याला धरा. आणि दारूचं माप त्यानं स्वतःच्या डोक्यानं काढलेलं नाही, छापील तक्त्याच्या बाहेर जात नाही म्हणाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हे त्याचं शास्त्र. वही बघून मला कागदापेक्षा वहीचंच जास्त कौतुक वाटलं खरं सांगायचं तर.

आपल्याकडं तसं करता येत नाही एवढं कळतंय, पण छर्रे तर आहेत की. म्हणून दोन-तीन कंपन्यांचे डबे आणले. एका डब्याचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, २० मीटरवर रुपयाच्या नाण्याखाली झाकतोय, दुसऱ्याचा ताटलीभर. बरं तर बरं, पहिला डबाही पाऊस संपल्यापासनं तसा चालेना झालाय, मधेच एक-दोन छर्रे कुठच्या कुठं जातात. स्कोप बदलला नाही, मारणारा मीच.

विचारायचं असं: सोनाराच्या काट्यावर छर्रे तोलून वेगळे केले तर फरक पडतो काय? धुवायचे असतात म्हणे, ते खरं काय? शेजारचे अण्णा म्हणतात नळीच्या बुडात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोड, आवाज बघ कसा येतोय, तर ते सोडू काय? आणि सुरुवात कुठनं करू? एकदम सगळं बदलायचं नाही एवढं भावाकडनं शिकलोय.

मिरची_भाकरी
भावा, .२२ ची लायसनवाली रायफल घे आणि तूच काडतुसं भर की घरी, आहे काय त्यात, यूट्यूबवर सगळं आहे 😄

काळाकोट
वरच्या सल्ल्यावर कुणी जाऊ नका. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ वाचा. हत्यारच नव्हे, दारूगोळाही विनापरवाना तयार करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप आहे. शस्त्राचं लायसन म्हणजे काडतूस बनवायचं लायसन नव्हे, दोन्ही वेगळं. एअर रायफलचं लोंढाजंक्शन यांनी लिहिलंय ते बरोबर, २०१६ च्या नियमांप्रमाणे ४.५ एमएम पेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असली तर लायसन लागतं. म्हणून स्प्रिंग बदलून "पॉवर वाढवून" देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीकडं फिरकू नका, आज खेळणं वाटणारी वस्तू उद्या विनापरवाना हत्यार होईल.

दुसरं, परड्यातलं परड्यातच ठेवा. माकडं, मोर, डुक्कर शेतात घुसतात हे मलाही माहीत आहे, आमचा भुईमूग दरवर्षी त्यांच्याच घशात जातोय, पण मोर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे आणि तुमच्याकडं भीमगडचं जंगल लागून. छर्ऱ्यानं जनावर मरत नाही, जखमी होऊन कुठंतरी कुजतं, आणि केस होते ती वेगळीच.

निवृत्त_सुभेदार
मिरची_भाकरी, आणि तसंही .२२ रिमफायर परत भरता येत नाही बाळा. तिची टोपी वेगळी नसते, मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि घोडा पडला की कड चेमटते. मावसभाऊ भरतो ती सेंटरफायर, मधोमध टोपीवाली.

लोंढाजंक्शन, तुम्ही प्रश्न छर्ऱ्याचा विचारलाय पण तुमचं दुखणं छर्ऱ्यात नाही असं मला वाटतंय. जो डबा आधी चालत होता तोच आता चालेना, म्हणजे छर्रा तोच आणि बंदूक बदलली. आधी हे करा, पैसा लागत नाही. दस्त्याचे स्क्रू बघा. पुढचे दोन आणि ट्रिगरगार्डचे. स्प्रिंगची बंदूक दोनदा धक्का देते, हवा दाबणारा पिस्टन पुढं निघाला की बंदूक मागं येते आणि पिस्टन टोकाला जाऊन दबलेल्या हवेवर आदळला की बंदूक पुढं ओढली जाते, आणि छर्रा बऱ्याचदा तोवर नळीतच असतो. ह्या हिसक्यानं स्क्रू ढिले होतात. त्यात आपल्याकडचा पाऊस, लाकूड फुगतं आणि वाळलं की परत आकसतं. नंतर स्कोपच्या माउंटचे स्क्रू. स्कोप एअरगनसाठीचाच आहे ना, की दुकानदारानं जो होता तो खपवला? साधा स्कोप फक्त मागच्या धक्क्याला बनवलेला असतो, पुढच्या हिसक्यानं आतनं हलतो.

दोन्ही घट्ट असलं तर टिश्यू पेपरची पट्टी घ्या. नळी मिटते त्या सांध्यावर नुसती ठेवा, छर्रा भरून कागदावर एक बार मारा. पट्टी उडाली तर सील, म्हणजे सांध्यातली रबरी रिंग, गेलाय, हवा तिथनं निसटते आणि दर बाराला वेगळी निसटते. मोकळा बार मात्र मारू नका, छर्ऱ्याशिवाय पिस्टनला उशी मिळत नाही आणि तो सरळ लोखंडावर आपटतो.

खोबरेल अजिबात नको. अण्णांना आवाज आवडतो कारण तेल दाबानं पेटतं, डिझेल इंजिनात होतं तेच. धूर येईल, जळका वास येईल, एक छर्रा जास्त वेगानं, पुढचा कमी. सील जळतो, स्प्रिंग जाते.

कावळेसाद
सुभेदार काकांशी सहमत, फक्त एक जोडतो. धरायची पद्धत. रायफल दाबून खांद्याला ओढून धरता काय? स्प्रिंगवालीला ते चालत नाही. पुढचा हात उघडा ठेवून तळव्यावर नुसती टेकवायची, खांद्याला जेमतेम लागू द्यायची आणि तिला हवं तसं उडू द्यायचं, पण दर बाराला तळवा त्याच जागी. टेबलावर किंवा विटेवर थेट टेकवून मारलं तर ग्रुप वर सरकतो. मी उशी ठेवून त्यावर हात ठेवतो.

तोलायचं म्हणाल तर सोनाराचा काटा ०.०१ ग्रॅमचा असला तर उपयोग नाही. तुमचा छर्रा साधारण ०.५४ ग्रॅम. एक घर म्हणजेच ०.१५ ग्रेन झाले, आणि चांगल्या डब्यातला फरक बहुतेक त्याच्या आतच मावतो, काटा दिसेल हललेला आणि हातात काही येणार नाही. ०.००१ वाला काटा असला तर ठीक, तोही शेवटी. त्याच्याआधी डोळ्यानं निवडा. छर्ऱ्याचा मागचा घेर पातळ शिसाचा असतो, डबा स्कूटरच्या डिकीतनं हादरत आला की चेपतो. चेपके बाजूला काढा. मग अंगठ्यानं नळीत बसवताना ध्यान द्या, एखादा सैल आत पडतो, एखाद्याला जोर लागतो, तेही वेगळे. डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, ४.५० किंवा ४.५२ असं, तुमच्या नळीला कुठलं आवडतंय ते तीच सांगेल. पन्नास मीटरवाले मोठे खेळाडूसुद्धा काडतुसं भरत बसत नाहीत, रायफल शिकंज्यात बांधून वेगवेगळ्या लॉटची (एका वेळी बनवलेल्या मालाची) मारून बघतात आणि जो लॉट चालला तो पेटीनं उचलतात. तुम्हीही चांगल्या डब्याचा लॉट नंबर बघून तसलेच घ्या.

धुणं: कोमट साबणाच्या पाण्यात, चाळणीत हलवून, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवायचे. काळी भुकटी निघते. पण पावसात उघड्या डब्यात ठेवलेल्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड चढली असली तर ते शिसाचं गंजणं आहे, ते टाकून द्या. आणि पोरं आहेत म्हणून सांगतो, छर्रे तोंडात धरायची खोड लागू देऊ नका, मारून झालं की साबणानं हात धुवायला लावा. डोळ्याला चष्मा. मागं माती आहे ते छान, दगड किंवा पत्रा असता तर छर्रा परत आला असता.

लोंढाजंक्शन
सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. काल सांजच्याला बसलो. दस्त्याचा पुढचा डावा स्क्रू बोटानं फिरत होता. तो आवळला आणि दुसरं काही न बदलता परत मारलं, तर दूरवर जाणारे छर्रे थांबले, पण ग्रुप अजून पहिल्यासारखा आवळलेला नाही. मग टिश्यू ठेवला आणि ती पट्टी पार माझ्या मांडीवर येऊन पडली. म्हणजे सील. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला बंदूकच पाठवून द्या, महिनाभर लागेल. घरी बदलता येतोय काय? आणि माप कसं कळणार?

निवृत्त_सुभेदार
येतोय की. नळी उघडी धरून कुणाला तरी घट्ट पकडायला सांगा, ती हातातनं सुटली तर बोटं जातील. ट्रिगरजवळ कुणाचं बोट नको. बारीक टाचणीनं, नळीचं तोंड न खरवडता, जुनी रिंग काढा. ती दबून चपटी झालेली असते म्हणून तिच्यावरनं माप घेऊ नका, खाचेची रुंदी, खोली आणि बाहेरचा व्यास व्हर्नियरनं घ्या. ते तिन्ही आकडे कंपनीच्या सर्व्हिसला मॉडेलच्या नावासकट कळवा, अस्सल सील पोस्टानं मागवा. नाहीच मिळाला तर बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकवाल्यांकडं ओ-रिंगची पेटी असते, नायट्राइल रबराची मागा. खाचेतनं केसभर वर आलेली हवी, जास्त वर आली तर नळी मिटणार नाही. बसवल्यावर परत टिश्यू.

कावळेसाद
आणि सील बदलला की झिरो, म्हणजे स्कोपच्या नेमावरच छर्रा लागतोय काय, ते परत बघा, हवा वाचली म्हणजे छर्रा थोडा वर लागेल. स्कोपला लगेच हात घालू नका, आधी डबाभर मारून रिंग बसू दे.

लोंढाजंक्शन
उद्यमबागेत शनिवारी जाणारच आहे, व्हर्नियर भाच्याकडनं आणलाय, आयटीआयला आहे तो. आकडे इथंच टाकतो.