जुन्या वाड्यातला रंग: भाडेकरूला सांगायचं की नाही?

सुनीता, दांडिया बाजार, बडोदा:
काल इथे रावपुऱ्यातल्या एका घरमालकांनी लिहिलं, 'जुन्या रंगातल्या विषारी शिशाचं खूळ अमेरिकेतून आलंय, आमच्या तीन पिढ्या याच दारांमागे वाढल्या, कुणाला काही झालं नाही.' वाचून झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दिवाळीआधी आमच्या मालकांनी वाड्याच्या दारं-खिडक्या घासून घेतल्या. कारागीर कोरडाच पॉलिश पेपर मारत होता. पिवळट पूड उंबऱ्यावर, माठाच्या झाकणावर, रांगणाऱ्या मुलाच्या तळव्यांवर. तो अकरा महिन्यांचा होता. पुढे भूक गेली, सारखी किरकिर. रक्त तपासलं तर शिसं डेसीलिटरमागे 14 मायक्रोग्रॅम निघालं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 झालं की ते कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा.

आपल्याकडे 2016 चा नियम आहे, रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको, 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू. पण तो डब्यातल्या नव्या रंगासाठी. दारावर आधीच बसलेल्या रंगाचं काय? अमेरिकेत 1978 पूर्वीचं घर भाड्याने देताना मालकाला माहीत असलेलं शिसं आधी सांगावंच लागतं. मला तेवढंच हवंय.

रावपुरेकर:
ते मीच लिहिलं होतं. बाळाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण आमच्याकडे एक भाडेकरू महिना 85 रुपये देतो. घरपट्टी त्याहून जास्त. वडिलांच्या काळात त्याच्याच घरच्यांनी, भाडं गोठवणाऱ्या 1947 च्या भाडेकायद्याचं कलम 23 दाखवून नोटीस दिली आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कापला. आता रंगाची तपासणीही मीच करायची?

खडकीतला भाडेकरू:
कलम 23 मध्ये वर्षाच्या भाड्याचा चौथा हिस्साच कापता येतो. 1020 चे 255. तेवढ्यात एक खिडकी होत नाही. आणि पागडी घेतलीत त्याचं काय? माझ्या आजोबांनी बायकोच्या पाटल्या मोडून दिली होती, पावतीशिवाय.

रावपुरेकर:
पागडी तुमच्या मालकाने घेतली असेल, आम्ही नाही. उलट जागा सोडायला भाडेकरूच लाखो मागतात. बंद खोलीला कुलूप लावून स्वतः अलकापुरीसारख्या महागड्या वस्तीत राहतात!

खडकीतला भाडेकरू:
सगळे नाही. जिभेला आवर घाला.

सुनीता:
आम्ही महिना 6,500 भरतो, अकरा महिन्यांच्या करारावर. तुमच्या 85 रुपयांच्या भांडणात माझं मूल कुठे आलं?

मीना वकील:
काका, अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 वाचा. जागेत मोठा दोष असेल, मालकाला माहीत असेल आणि भाडेकरूला साध्या नजरेने दिसणार नसेल, तर करारात किंवा स्थानिक रीतीत वेगळं ठरलेलं नसल्यास मालकाने तो सांगायलाच हवा. शिसं डोळ्यांना दिसत नाही.

रावपुरेकर:
'माहीत असेल' ना? मला कुठे माहीत आहे?

मीना वकील:
तीच पळवाट अमेरिकेतही आहे. म्हणून सुनीताताई, रक्ताचा अहवाल आणि पत्र मालकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा. पुढच्या भाडेकरूपुढे 'मला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.

रंगारी, वाडी:
भांडण बाजूला ठेवा. साध्या चुन्याच्या भिंतीला भिऊ नका. तेलाचा रंग लावलेली दारं, खिडक्या आणि गजांकडे बघा. माझे वडील सफेदा अळशीच्या तेलात कालवायचे, लोखंडाला आधी शेंदरी रेड लेडचा हात द्यायचे. दोन्ही शिसंच. रंग घट्ट असेल तर खरवडू नका, वरून नवा हात मारा. खिडकीची झडप चौकटीला घासते तिथे पूड पडतच राहते, ती जागा आधी बघा. घासायचंच तर पाणी मारून, खाली प्लास्टिक अंथरून, पोरांना दुसरीकडे पाठवून. ब्लो लॅम्पने जाळू नका, धूर जास्त वाईट. झाडूही नको, ओलं फडकं.

रावपुरेकर:
ठीक. आमचा कारागीर कोरडंच घासतो, ते थांबवतो. नव्या करारात दारांचा रंग जुना आहे असं लिहीन. 85 रुपयेवाल्याच्या खिडक्यांना मात्र माझा पैसा लागणार नाही.

खडकीतला भाडेकरू:
त्याच्या घरातही नातवंडं असतील.

सुनीता:
रंगारीदादा, आमची झडप अशीच घासते. आज तिथे बोट फिरवलं तर पिवळं झालं. मुलाचं परवा पुन्हा तपासलं, 9 आलंय. पत्र उद्या टाकते.